काठ बांधायचा, पण कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या रानावर?

गेल्या वार्षिक सभेत विषयपत्रिका संपल्यावर नदीकाठचे एक जुने सभासद उठले आणि म्हणाले, "काटा झाला, रिकव्हरी झाली, दर झाला. आता आमचा काठ बांधून घ्यायचं तेवढं बघा. पाणी मग कुठंबी जाऊ दे." पैलतीरावरचे सभासद तिथल्या तिथे बोलले, "कुठंबी म्हंजे आमच्याच रानात की!" सभा हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण दोघांचाही ऊस आपल्याच गव्हाणीत पडतो.

२०१९ चा ऑगस्ट कोणी विसरलेले नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी गेले ५७ फुटांवर. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोका ४३ फुटांना. पाणी ५५ फुटांच्या वर. दोन वर्षांत, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच. ज्या उसाचा शेंडा पाण्याबाहेर राहिला तो कसाबसा तगला. ज्याच्या पोंग्यात गाळ बसला तो कुजला, नाहीतर कांड्यांचे डोळे फुटून पांगशा आल्या. नव्या आडसाल लागणीचे तर विचारूच नका.

मग दरवेळी प्रश्न येतो, सरकार करते काय? पूर आणि तटबंध हा विषय घटनेने राज्याकडे दिला आहे. केंद्र मदत करते, पण काम सुचवणे, मोजणे आणि उभारणे राज्याचे. लहान कामांसाठी जिल्हा वार्षिक योजनेत 'पाटबंधारे व पूरनियंत्रण' असे सदर असते. त्यात वाटेकरी पुष्कळ, आणि घाटाची एक भिंत म्हटली तरी खर्च मोठा. मोठ्या कामांना केंद्राची पूरव्यवस्थापन योजना आहे. तिथे खर्चापेक्षा फायदा जास्त आहे हे आकड्यांनी दाखवावे लागते. "आमचे फार नुकसान होते" एवढ्याने तिथे भागत नाही. कृष्णा खोऱ्यातील पुरासाठी राज्याने जागतिक बँकेच्या कर्जाचा कार्यक्रमही हाती घेतला आहे, पण त्याचे पाणी प्रत्येक गावच्या ओढ्यापर्यंत पोहोचेलच असे धरून चालू नये.

एक गोष्ट सभासदांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्याच्या आपत्ती निधीची वाटणी ठरवली. त्यात ८० टक्के आपत्तीनंतरच्या मदतीला आणि २० टक्के आपत्ती टाळण्याच्या कामांना. महाराष्ट्रासारख्या राज्याला त्या निधीत ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ आपला. म्हणजे बुडाल्यावर पंचनाम्याला चार रुपये आणि बुडू नये म्हणून एक रुपया. तो एक रुपया तरी आपण कितीदा मागितला? पंचनाम्याच्या वेळी चावडीवर गर्दी मावत नाही. भिंतीच्या ठरावाला ग्रामसभेचा कोरम भरत नाही. हे आम्ही टोमणा म्हणून लिहीत नाही, आम्हीही त्यातलेच.

आता भिंतीकडे. जलसंपदा खात्याने आखलेली निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ निळ्या रेषेपर्यंतचे पाणी पंचवीस वर्षे वाट बघते असा नव्हे. कोणत्याही वर्षी ते येण्याचा संभव शंभरात चार. एवढ्या पाण्याला सबंध काठभर तटबंध घालायचा म्हटले, तर अडलेले पाणी समोरच्या काठावर चढणार. आपल्याकडे सांगलीपासून नृसिंहवाडीपर्यंत कृष्णेला उतार फार थोडा, वळणे भारी, आणि कृष्णा फुगली की पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. शिवाय तटबंधामागे पडलेल्या पावसाला वाट कुठली? ओढ्याच्या तोंडाला झडपेचे दार नसेल तर आतले पाणी आतच सडणार. काळ्या रानाला ते महिनाभर लागले की पुढे क्षारपड. शिरोळ, वाळव्याकडे क्षारपडीचे दुःख काय असते ते सांगायला नको.

म्हणून आमचे मत सरळ आहे. गावठाणाजवळ जिथे काठ ढासळतो तिथे भिंत किंवा दगडी पिचिंग मागावे, ते मिळण्याजोगेही असते. रानासाठी तटबंधाचा हट्ट धरण्यापेक्षा ओढे, नाले आणि पुलांच्या मोऱ्या मोकळ्या करून मागाव्यात. २०१९ नंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवले होते. ओढ्यात भर टाकून चार सरी वाढवणारे आपल्यातही आहेत. नावे घेत नाही, ज्याचे त्याला ठाऊक.

प्रस्ताव बहुधा अडतो तो पातळ्यांच्या नोंदीपाशी. पाणी कुठवर आले, किती दिवस राहिले, कोणत्या गटातला किती ऊस गेला, हे कागदावर नसते. आपल्या शेतकी खात्याकडे लागणीची तारीख, गट नंबर, क्षेत्र, टनेज सारे वर्षावर्षाचे पडून आहे. त्याला पाणखुणांची जोड मिळाली तर फायद्याचा आकडा मांडता येईल.

त्यासाठी प्रत्येक गट ऑफिसात एक वही ठेवली आहे. आडसालीच्या नोंदीला याल तेव्हा २००५, २०१९ आणि २०२१ ला विहिरीच्या कठड्यावर, मोटारीच्या खोलीवर, देवळाच्या पायरीवर पाणी कुठवर होते ते चिटबॉयजवळ सांगून लिहून घ्यावे. खूण अजून दिसत असेल तर तिला रंगाची रेघ मारून ठेवावी. दोन्ही काठांच्या नोंदी एकाच वहीत घ्यायच्या, असे चिटबॉयना सांगितले आहे.