देवासची पाच वर्षे

आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धांचा मोसम आला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर नवी नावे झळकू लागतात. कोणी शंभर मीटर धावण्यात पहिला आलेला असतो, कोणी कबड्डीच्या संघाचा कर्णधार असतो. त्यांची छायाचित्रे निघतात, सत्कार होतात आणि दोन-तीन वर्षांनी त्याच फलकावर दुसऱ्यांची नावे लागतात. यांत वावगे काही नाही. परंतु ज्याचा गुडघा ऐन सामन्यात कायमचा दुखावला, ज्याला आजाराने अंथरुणाला खिळविले किंवा घरचा मिळवता माणूस गेल्यामुळे ज्याला मैदान सोडून दुकानाच्या गल्ल्यावर बसावे लागले, त्याचे पुढे काय झाले, याची नोंद महाविद्यालयाच्या दप्तरात सहसा राहत नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी 'माजी खेळाडू' झालेले असे तरुण आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याचे ते भांडवल एका दिवसात बुडाले तर त्याने पुन्हा उभे राहावे ते कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचे आम्हांस ठाऊक असलेले सर्वांत बोलके उत्तर क्रीडांगणावरचे नाही. ते माळव्यातील देवास गावी एका गवयाच्या घरात मिळते. गवयाचा आणि खेळाडूचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. पण ख्याल गाणे हा प्रथम श्वासाचा व्यवहार आहे. धावपटूला पाय जसे, तसे गायकाला फुप्फुस. आणि पंडित कुमार गंधर्वांचे नेमके तेच गेले होते.

धार आणि देवास ही दोन्ही संस्थाने पवारांची. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत. या मुलखाला आसरा देण्याची जुनी सवय दिसते. नारायणराव पेशव्यांच्या वधानंतरच्या धामधुमीत राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आश्रयाला होत्या, आणि दुसरे बाजीराव तेथेच 1775 च्या जानेवारीत जन्मले. त्या आश्रयाचे फळ पुढे मराठी राज्याला फारसे गोड लागले नाही, ही गोष्ट वेगळी. 1948 साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन होत होती, आणि त्याच वर्षी क्षयाने पोखरलेला चोवीस वर्षांचा एक गायक कोरड्या हवेसाठी देवासला येऊन राहिला.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हे बालपणीच 'कुमार गंधर्व' झाले होते. मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या विद्यालयात ते शिकले. आपल्या गोमंतकाच्या अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्यांनी विद्या घेतली. विशी ओलांडण्यापूर्वीच त्यांच्या मैफली गाजत होत्या. 1947 साली भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पाठोपाठ हे दुखणे उपटले. त्या काळी क्षय म्हणजे मृत्यूचे आमंत्रण समजले जाई. वैद्यकांनी गाणे बंद करावयास सांगितले. ज्याने आयुष्यात दुसरे काही केले नाही, त्याला त्या एका गोष्टीचीच बंदी झाली.

सुमारे पाच वर्षे ते अंथरुणावर होते. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध 1943 साली अमेरिकेत सापडले होते. ते आपल्याकडे येऊन त्यांना मिळू लागले आणि उतार पडला. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, ते एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले घेऊनच. या पाच वर्षांत गळा मुका होता, पण कान मोकळे होते. गल्लीतून जाणाऱ्या बायकांची लग्नातली आणि पावसाळ्यातली गाणी, दारावर येणाऱ्या भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने त्यांनी पडल्या पडल्या ऐकली. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या लोकधुनांत रागांची बीजे आहेत, हा त्यांचा शोध तिथला. त्यातून मालवती, लगनगांधार, संजारी यांसारखे राग आले, आणि 1965 साली 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुष्कळ जण म्हणतात की त्यांच्या गाण्यातील तुटक, वीज चमकून जावी तशा ताना ही एका फुप्फुसाची तडजोड होती. हे अर्धेच खरे आहे, असे आमचे मत आहे. अपुऱ्या श्वासाचे शेकडो गायक असतील. त्यांचे गाणे नुसते अपुरेच राहते. पूर्वी होते ते परत मिळविण्याचा हट्ट कुमारांनी सोडला आणि उरलेल्या श्वासात काय नवे सांगता येईल याचा शोध घेतला. जखमी खेळाडूला नेमके हेच कोणी सांगत नाही. त्याला 'लवकर मैदानावर ये' एवढेच सांगितले जाते, आणि ते जमले नाही की मग काहीच सांगितले जात नाही.

परंतु हे सारे एकट्याच्या जिद्दीवर झाले, असे मानणे ही मोठी फसवणूक ठरेल. त्या पाच वर्षांचा खर्च कोणी तरी सोसला. भानुमतीबाई स्वतः गायिका होत्या. त्यांनी शाळेत शिकवून घर चालविले आणि पतीची शुश्रूषाही केली. इंदूरचे रामूभैया दाते, 'नई दुनिया'चे राहुल बारपुते यांच्यासारखे स्नेही पाठीशी होते. औषध, मिळवती पत्नी, मित्र आणि वेळ या चारांतील एक जरी कमी पडते, तरी आपल्याकडे कुमारांच्या बालपणीच्या तबकड्या तेवढ्या उरल्या असत्या. दुसऱ्या अपत्याच्या जन्मवेळी, 1961 साली भानुमतीबाई वारल्या. पुढे वसुंधरा श्रीखंडे त्यांच्या सहचारिणी झाल्या. टेकडीच्या पायथ्याच्या त्या घराचे नाव मात्र 'भानुकुल'.

आता मैदानाकडे वळू. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्याजवळ, आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. मुष्टियुद्ध गेले, पोहणे आले. 1972 साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत 50 मीटर पोहण्यात त्यांनी 37.33 सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. येथेही रुग्णालय होते, प्रवासखर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचे साहाय्य होते, पुढे पुण्यात टेल्कोची नोकरी होती. पद्मश्री मात्र 2018 साली आली. शेहेचाळीस वर्षे हा काही लहान काळ नव्हे.

महाविद्यालये खेळाडूसाठी काहीच करीत नाहीत, असेही नाही. खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर सात हजार रुपयांस गहाण ठेवले. असे गुरुजन आपल्याकडे झाले. पण ते घर चढत्या मल्लासाठी गहाण पडले. पडलेल्यासाठी पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सरकारचेही तेच. हलाखीत असलेल्या खेळाडूंसाठी केंद्राने 1982 साली कल्याण निधी स्थापन केला, तो नामवंतांसाठी. महाराष्ट्रात 2005 पासून नोकऱ्यांत पाच टक्के जागा खेळाडूंसाठी राखीव आहेत, त्या प्रमाणपत्र दाखविणाऱ्यांसाठी. उपांत्य सामन्यात गुडघा गेला, त्या मुलाच्या हाती प्रमाणपत्र कोठून येणार?

विद्यापीठांनी येथे थोडके तरी करावे. जो विद्यार्थी महाविद्यालयाच्या संघातून खेळताना जायबंदी झाला, त्याच्या शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या व्यायामोपचारांचा खर्च क्रीडा शुल्काच्या रकमेतून व्हावा. त्याची परीक्षा हुकली असेल तर ती विनादंड घेतली जावी. पंच, प्रशिक्षक, गुणलेखक म्हणून त्याला मैदानावरच काम देता येते काय, हे क्रीडा संचालकांनी पाहावे. देवासला पाच वर्षे लागली. येथे निदान एक वर्ष तरी त्या मुलाचे नाव फलकावरून पुसू नये.