आठ दिवसांचा नौकावास व त्याची पूर्वतयारी

प्रवासास निघावयाचें म्हटलें, कीं आपल्या घरांतून दोन मतें हटकून ऐकूं येतात. वडील माणसांचें मत असें, कीं ओझें झालें तरी चालेल, पण ऐन वेळीं अडतां कामा नये. तरुणांचें मत असें, कीं खांद्यावर एक पिशवी टाकून मोकळें निघावें, लागेल तें वाटेंत विकत मिळतें. आगगाडीच्या प्रवासांत हीं दोन्ही मतें निभावून जातात. परंतु ज्या प्रवासांत आठ दिवस मुक्काम नौकेवर करावयाचा, आणि ज्या पाण्यावर मुक्काम त्याच पाण्याच्या पोटांत दिवसांतून तीन वेळां उतरावयाचें, त्या प्रवासांत दोन्ही मतें सारखींच फसतात. अधिक वस्तूंस तेथें जागा नसते, आणि विसरलेली वस्तु तेथें मिळत नाहीं.

हा नौकावास म्हणजे स्कूबा-पाणबुड्यांची सफर होय. पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी बांधून पाण्याखालीं सहजपणें श्वास घेतां येईल असें साधन फ्रान्समध्यें १९४३ सालीं कूस्तो व गान्यां या जोडीनें सिद्ध केलें, आणि महायुद्धानंतर ही विद्या हौशी माणसांच्या हातीं आली. आपल्याकडे तारकर्लीस किंवा मुरुडेश्वराजवळील नेत्राणी बेटापाशीं पहिली बुडी मारून आलेल्या तरुणांस पुढें मालदीवची ओढ लागते. मालदीव म्हणजे सुमारें १२०० लहान बेटें. प्रवाळांच्या कंकणाकृति वलयांत तीं गुंफलेलीं आहेत. अशा वलयास इंग्रजींत रूढ असलेला ‘ॲटॉल’ हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेंतूनच तिकडे गेला. बुडीच्या उत्तम जागा एकमेकींपासून दूर असल्यामुळें किनाऱ्यावरून रोज जाण्यायेण्यापेक्षां नौकेवरच राहणें सोयीचें पडतें. मोठी नौका निजण्याजेवणाची. तिच्या बरोबर दुसरी लहान नौका चालते, तिजवर टाक्या व त्या भरण्याचें यंत्र असतें, आणि बुडी तिच्यावरूनच मारावयाची. हिला तेथें ‘धोणी’ म्हणतात. तें ऐकून कोंकणांतील वाचकांस आपल्या ‘डोणी’ची आठवण होईल.

तयारीचा आरंभ पेटीपासून न करतां शरीरापासून करावा. पहिल्या पायरीचें प्रमाणपत्र मिळालेल्यास १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याचें शिक्षण मिळालेलें असतें. मालदीवच्या नियमानें हौशी पाणबुड्यांस ३० मीटरची मर्यादा आहे. तेथील वलयांमधील खिंडींतून प्रवाह जोरानें वाहतो. म्हणून पुष्कळ नौका वरच्या पायरीचें प्रमाणपत्र व कांहीं बुड्यांचा अनुभव मागतात, आणि हें मागणें रास्त आहे. ज्यास वर्षभरांत बुडी घडली नाहीं, त्यानें निघण्यापूर्वीं पोहण्याच्या तलावांत शिक्षकाच्या देखरेखीखालीं उजळणी करावी. दमा, हृदयविकार, फेंपरें किंवा कानाचें जुनें दुखणें असल्यास वैद्यांची संमति घेतल्याशिवाय जाऊं नये. गर्भवती स्त्रीनें तर बुडी मुळींच मारूं नये. सर्दी ही घरीं क्षुल्लक वाटते, पण १० मीटर खोलीवरच दाब दुप्पट होतो, आणि नाक चोंदलें असतां कानाच्या आंतील दाब त्याच्याशीं जुळवितां येत नाहीं. गोळी घेऊन सर्दी दाबावी व उतरावें हा विचारहि खोटा. खालीं असतांना गोळीचा अंमल सरला, तर वर येतांना कानांत हवा कोंडते. त्या दिवशीं नौकेवर बसून समुद्र पाहावा, हेंच शहाणपण.

न्यावयाच्या वस्तु ठरवितांना एक कसोटी पुरेशी आहे. जी वस्तु स्वतःच्या अंगास बेतून बसली पाहिजे, ती आपली असावी. जी सर्वांस सारखीच चालते, ती नौकेची घ्यावी. टाक्या व कमरेस बांधावयाचें शिसें नौकेवर मिळतें. मास्क मात्र स्वतःचा न्यावा. तो पट्ट्याशिवाय चेहऱ्यास लावून नाकानें श्वास आंत ओढला असतां जागीं चिकटून राहिला, तर बेताचा समजावा. चष्मा लागणाऱ्यांनीं नंबराच्या कांचा बसवून घ्याव्या, आणि मिशा राखणाऱ्यांनीं पाणी कोठून शिरतें तें घरींच पाहून ठेवावें. तेथील पाणी बहुधा २७ ते ३० अंश असतें. तरी हवेच्या मानानें पाणी अंगांतील उष्णता सुमारें २५ पट वेगानें ओढून घेतें, म्हणून ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट असावा. श्वासाचा रेग्युलेटर आधींच तपासून घ्यावा, पण दुरुस्त होऊन आलेला रेग्युलेटर प्रथम तलावांत वापरून पाहावा. त्याची परीक्षा समुद्रांत घेऊं नये. खोली व वेळ मोजणारा मनगटावरील संगणक ज्याचा त्यानें बांधावा, सोबत्याच्या संगणकावर विसंबूं नये.

ज्या दोन वस्तु सर्वांत स्वस्त, त्याच पुष्कळदां विसरल्या जातात: एक नारिंगी रंगाचा लांब फुगा व दुसरी शिटी. प्रवाहानें दूर नेलेल्या माणसाचें डोकें लाटांत नारळाएवढेंहि दिसत नाहीं. उभा केलेला फुगा मात्र धोणीवरील खलाशांच्या दृष्टीस पडतो. यांच्या जोडीस विजेरी, मास्कचा व पायांतील फिनचा एकेक जादा पट्टा आणि टाकीच्या तोंडाशीं बसणाऱ्या चार-सहा रबरी कड्या एका डबींत ठेवाव्या. विजेरीचे व कॅमेऱ्याचे सुटे लिथियम सेल विमानांत हातच्या पिशवींतच न्यावे लागतात. मास्क, रेग्युलेटर, संगणक व नित्याचीं औषधेंहि तींतच असावींत. कारण मोठी पेटी मागें राहिली, तर नौका तिच्यासाठीं थांबत नाहीं. ती मोठी पेटीसुद्धां कापडी, घडी होणारी असावी. नौकेवरील खोली लहान, आणि टणक पेटीस तेथें ठाव नसतो.

कपडे थोडे पुरतात. पोहण्याचे दोन जोड, उन्हासाठीं एक सैलसा लांब बाह्यांचा सदरा, टोपी आणि रात्रीच्या वाऱ्यास एक पातळ शाल, एवढें झालें कीं झालें. नौकेवर सर्वजण अनवाणीच वावरतात. शाकाहारी मंडळींनीं तसें आगाऊ लिहून कळवावें, आणि मेतकूट व लिंबाचें लोणचें घट्ट झांकणाच्या बाटलींत बरोबर ठेवावें. नौका लागण्यावरील गोळी वैद्यांस विचारून आणावी व एकदां घरीं घेऊन पाहावी; तिनें फार गुंगी येत असेल, तर तें जमिनीवरच कळलेलें बरें. मालदीवांत मद्य, डुकराचें मांस व पूजेच्या मूर्ति नेण्यास मनाई आहे. तेव्हां प्रवासांत देव बरोबर नेण्याची ज्यांची चाल आहे, त्यांनीं मानसपूजेवर समाधान मानावें. परत येतांना प्रवाळाचा तुकडाहि आणूं नये. कायदा तें होऊं देत नाहीं.

परतीचा दिवस ठरवितांना घाई करूं नये. दाबाखालीं श्वास घेत असतां हवेंतील नायट्रोजन रक्तांत व अंगाच्या इतर भागांत मुरतो, आणि दाब उतरल्यावर हळूहळू बाहेर पडतो. हॉल्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा क्रम १९०८ सालीं गणितानें मांडून दाखविला. तो घाईनें मोडला, तर त्याचे बुडबुडे सांध्यांत व मज्जारज्जूंतहि बाधा करतात. विमानांतील दाब जमिनीवरील दाबाहून कमी असतो. म्हणून अनेक दिवस बुड्या मारणाऱ्यानें शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये. पुष्कळ नौका पुरते २४ तास सोडतात, आणि तेंच पाळणें चांगलें. या दुखण्यावर उच्च दाबाच्या कोठडींत उपचार होतात. तो खर्च मोठा असतो. साध्या प्रवासविम्यांत तो बहुधा मिळत नाहीं, म्हणून पाणबुड्यांसाठीं असलेला वेगळा विमा उतरावा.

आतां शेवटची गोष्ट. ती पेटींत मावत नाहीं. २०१९ सालच्या सप्टेंबरच्या २ तारखेस पहाटे कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ नांवाच्या पाणबुड्यांच्या नौकेस आग लागली. उतारू खालच्या मजल्यावर निजले होते. त्यांच्या खोलींतून निघण्याच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनांत उघडत होत्या, आणि तेंच दालन पेटलेलें होतें. ३३ उतारू व एक कर्मचारी असे ३४ जण दगावले. रात्रीं फिरता पाहरा ठेवलेला नव्हता, असें चौकशींत निष्पन्न झालें. कप्तानास २०२३ सालीं न्यायालयानें दोषी ठरविलें. आग कशानें लागली याचा निर्णय मात्र लागूं शकला नाहीं. या दुर्दैवी माणसांची सामग्री कांहीं उणी नव्हती. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं विचारावें, रात्रीं जागा पाहरा असतो कीं नाहीं. आणि नौकेवर पाय ठेवल्याबरोबर, पेटी उघडण्याच्या आधीं, आपल्या खोलींतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा कोठें उघडतात तें स्वतः चालून पाहावें. जीवनरक्षक जाकीट कोठें आहे तें हातानें चांचपून घ्यावें. सेल निजतेवेळीं भारित करीत ठेवूं नयेत.

घरांतील वडील माणसें मुलांस असल्या साहसापासून परावृत्त करूं पाहतात, तें मायेपोटीं. परंतु निव्वळ नाहीं म्हणण्यापेक्षां मुलांच्या जवळ बसून ही यादी त्यांच्याबरोबर वाचणें अधिक उपयोगाचें. प्रमाणपत्र पाहावें, वैद्यांचें मत विचारावें, विम्याचा कागद आपल्याजवळ ठेवून घ्यावा, परतीचा रिकामा दिवस पंचांगावर खुणेनें मांडावा. इतकें झाल्यावर निरोप देतांना हात आखडण्याचें कारण उरत नाहीं, आणि जाणाऱ्याच्या मनांतहि समुद्रास जागा मोकळी राहते.