पाहुण्याची बंडी आणि यजमानाचा काटा

पवनारच्या शेतकऱ्याला वजनकाट्याची गोष्ट सांगायला नको. कापसाची बंडी वर्ध्याच्या बाजारात नेली की आधी काटा. काट्याची ताकद ठरलेली असते. त्याहून जास्त भार चढवला तर काटा अर्धा माल मोजून अर्धा बाजूला ठेवत नाही. अख्खी बंडीच मागे घ्यावी लागते. माल चांगला, बैल चांगले, काटाही चांगला; फक्त बंडी भरताना काट्याची मर्यादा कोणी सांगितली नव्हती. संगणकातही अशी बंडी परत फिरते. ज्या गुरुजींच्या हाती शाळेचा संगणक आहे त्यांना ती कधी ना कधी भेटण्याचा संभव आहे, आणि त्या वेळी घाईने केलेली चूक भारी पडते.

आधी आभासी यंत्र म्हणजे काय ते पाहू. एका वाड्यात जशी दोन बिऱ्हाडे राहतात, तसे एकाच संगणकात दुसरा संगणक राहू शकतो. बाहेरच्या खऱ्या संगणकाला आपण यजमान म्हणू आणि आतल्याला पाहुणा. पाहुण्याला स्वतःचे लोखंड नसते. त्याला जे दिसते ते यजमान दाखवील तेवढेच. ही किमया करणारा ‘क्यूएमू’ नावाचा कार्यक्रम फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. २००७ साली ‘केव्हीएम’ हा जोडीदार लिनक्समध्ये दाखल झाला आणि पाहुणा जवळजवळ खऱ्या यंत्राच्या वेगाने चालू लागला. दोन्ही मोफत आहेत. मुलांनी पाहुण्यात काहीही उलटसुलट केले तरी यजमानाला सहसा झळ लागत नाही. पाहुणा पुसून पुन्हा उभा करता येतो. शाळेला ही सोय मोठीच म्हणायची.

आता समजा, धाम नदीकाठच्या पवनारसारख्या एखाद्या गावातल्या शाळेने आपल्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांची पाने छायाचित्रे काढून एका बाहेरच्या डिस्कवर ठेवली आहेत. ही रजिस्टरे म्हणजे नुसता कागद नव्हे. आजोबांची जन्मतारीख, जातीची नोंद, गाव सोडल्याचे वर्ष, हे शोधत नातू आणि पणतू शाळेच्या दारात येतात. मूळ पाने वाळवी लागून चुरगळत चालली आहेत, म्हणून तर छायाचित्रे काढली. ही डिस्क यजमानाला यूएसबीच्या तारेने जोडलेली आहे, आणि नोंदी शोधून देण्याचे काम पाहुण्याकडे आहे.

एके दिवशी नवलच घडते. लहान फाइली उघडतात. मोठे पान उघडायला गेले की ‘वाचताना चूक’ असा संदेश येतो. लिहिताना तीच चूक झाली तर पाहुणा धास्तावून डिस्क केवळ वाचण्यापुरती करून ठेवतो, काही लिहू देत नाही. गुरुजी म्हणतात, “डिस्क गेली!” कोणी शेजारचा सल्ला देतो, “एकदा फॉरमॅट करून पाहा ना.” वाचकहो, हा सल्ला ऐकू नका. फॉरमॅट केले की पानेही गेली, आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहिले.

दुखणे कोठे आहे? संगणक डिस्कवरचा मजकूर ठोकळ्या-ठोकळ्यांनी वाचतो. जुन्या रिवाजाने एक ठोकळा ५१२ बाइटचा. ‘अमक्या ठिकाणापासून इतके ठोकळे दे’ असा एक हुकूम जातो, आणि एका हुकमात किती ठोकळे मागायचे याला मर्यादा असते. लिनक्समध्ये साध्या यूएसबी डिस्कसाठी ती २४० ठोकळ्यांची, म्हणजे १२० किलोबाइटची ठेवलेली आहे. यूएसबीच्या तिसऱ्या पिढीच्या डिस्कला २०४८ ठोकळे, म्हणजे एक मेगाबाइट. काही जुन्या डब्यांना तर ६४ ठोकळ्यांपुढे झेपत नाही. उलट लिनक्सच्या पाहुण्याला कोणी काही सांगितलेच नाही, तर तो आपल्या अंदाजाने मोठी मागणी करतो. अनेक वर्षे हा अंदाज १२८० किलोबाइटपर्यंत जात असे. बरे, तेवढी मोठी उडी घेण्याचीही गरज नाही. ओळीने वाचताना लिनक्स पुढचा मजकूर आधीच मागवून ठेवतो, आणि ही आगाऊ मागणी साधारणपणे १२८ किलोबाइटची असते. काटा १२० चा, बंडी १२८ ची. आठ किलोबाइटांनी घात केला!

आपण म्हणाल, यजमान मधे बसला आहे ना, त्याने दोन खेपा कराव्यात. योग्य प्रश्न. पाहुण्याची डिस्क म्हणजे यजमानाजवळची एक मोठी फाइल असेल, तर यजमान तसेच करतो: बंडी उतरवतो, माल दोन खेपांत मोजतो, पाहुण्याला पत्ताही लागत नाही. पण कित्येकदा वेगाच्या किंवा सोयीच्या लोभाने खरी डिस्कच सरळ पाहुण्याच्या हवाली केलेली असते. मग पाहुण्याचा हुकूम मोहोरबंद पाकिटासारखा जसाच्या तसा खाली जातो. यजमानाने तो फोडून दोन करायचे नाहीत, अशीच ही व्यवस्था. मोठा निघाला तर हुकूम नाकारला जातो, आणि पाहुण्याला कळते ते इतकेच की ‘चूक झाली’.

म्हणून उपाय एकच उरतो: बंडी भरण्याआधीच मर्यादा सांगणे. डिस्कला तिची माहिती विचारण्याची एक ठरलेली प्रश्नोत्तरी असते, आणि त्यात मर्यादांचे एक स्वतंत्र पान असते. पाहुण्याने ते पान मागितले की क्यूएमू मधल्यामधे उत्तर दुरुस्त करतो आणि यजमानाची खरी मर्यादा त्यात लिहून देतो. पण हे पान ठेवण्याची डिस्कवर सक्ती नाही. ज्या डिस्का किंवा नियंत्रक ते ठेवत नसत, त्यांच्यापाशी दुरुस्त करायला उत्तरच नसे आणि पाहुणा अंदाजाने चाले. २०१८ साली क्यूएमूत सुधारणा झाली: डिस्कने पान दिले नाही तर क्यूएमूने स्वतः तयार करून द्यायचे. तेव्हा सॉफ्टवेअर त्याहून जुने असेल तर आधी ते नवे करून घ्यावे.

आणखी एक खोच आहे, आणि मला तीच सर्वांत फसवी वाटते. मर्यादा केवळ वजनाची नसते; तुकड्यांचीही असते. समजा, काट्यावरच्या पावतीत १२८ च ओळी आहेत आणि प्रत्येक ढिगाला एक ओळ लागते. एकाच शेतातला कापूस एका ओळीत बसेल. पण बांधाबांधावरून गोळा केलेला असेल तर वजन कमी असूनही ओळी संपतील. संगणकाची स्मृती ४ किलोबाइटांच्या पानांत वाटलेली असते. यंत्र नुकतेच सुरू केलेले असते तेव्हा सलग पाने मिळतात. काही दिवस चालल्यावर ती विखुरतात. सगळीच विखुरली तर १२८ ओळींत ५१२ किलोबाइटच मावतात. त्यामुळे सोमवारी चाललेला हुकूम शनिवारी नाकारला जातो. यंत्र बंद करून सुरू केले की पुन्हा ठीक! अशा वेळी माणूस डिस्कला, विजेला, नशिबाला, सगळ्यांना दोष देतो. २०२१ च्या सुमारास क्यूएमूत ही ओळींची मर्यादाही हिशेबात घेतली जाऊ लागली.

तर मग चूक दिसली की काय करावे? प्रथम पाहुणा रीतसर बंद करा आणि डिस्क त्याच्याकडून काढून घ्या. यजमान आणि पाहुणा दोघांनी एकाच वेळी एक डिस्क वापरली तर मजकुराची नासाडी ठरलेली. मग यजमानाकडून तीच डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडा आणि न उघडणारे पान पाहा. यजमानालाही ते वाचता आले नाही, तर डिस्क खरोखर आजारी आहे. मिळेल तेवढी नक्कल काढा आणि जाणकाराला दाखवा. पण यजमानाने ते सहज उघडले, तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे, भांडण मर्यादेचे आहे. तरीही आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून घ्या.

यानंतर यजमानावर त्या डिस्कच्या नावाखाली ‘मॅक्स-सेक्टर्स-केबी’ नावाची चिमुकली फाइल सापडेल. तिच्यात एकच आकडा असतो, किलोबाइटांत. तो कागदावर उतरवून घ्या. पाहुण्यातही त्याच नावाची फाइल असते; तिथला आकडा यजमानापेक्षा मोठा असेल तर तो यजमानाइतका किंवा त्याहून लहान करा. लहान केल्याने खेपा वाढतील, वेग किंचित उतरेल. उतरू द्या. ओळींच्या मर्यादेचा संशय असेल तर आकडा आणखी निम्मा करून पाहावा. डिस्क पाहुण्याला परत देऊन हा बदल केल्यावर तिची तपासणी चालवावी, कारण अर्धवट राहिलेल्या लिखाणाच्या खुणा तिच्यावर असू शकतात.

मात्र हा आकडा यंत्र बंद होताच विसरला जातो. तो कायम राहावा म्हणून पाहुण्याच्या मांडणीत, डिस्क-नियंत्रकाच्या नोंदीत, कमाल ठोकळ्यांची संख्या लिहून ठेवावी. तिथे हिशेब किलोबाइटांत नसतो, ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत असतो. म्हणजे १२० किलोबाइट हवे असतील तर २४० लिहायचे.