अमारीची ‘इल्लीगल’ जादू

मुलांचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवू नका. ही गोष्ट क्युबिकलमध्ये बसणाऱ्यांनाही चांगलीच लागू पडते!

अप्रेझलच्या दिवसांत काय वाचावं? सेल्फ-हेल्पवाले तुमच्या हातात सवयींची आणि मंत्रांची यादी ठेवतील. माझा सल्ला जरा हटके आहे. पुस्तकांच्या दुकानात सरळ मुलांच्या सेक्शनकडे वळा आणि ‘अमारी अ‍ॅण्ड द नाइट ब्रदर्स’ उचला. बी. बी. ऑल्स्टन या अमेरिकन लेखकाची ही पहिली कादंबरी २०२१च्या जानेवारीत आली. मी ती विरार लोकलमध्ये, उभ्या उभ्या वाचली. दोनदा माझं स्टेशन चुकता चुकता राहिलं. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही.

गोष्ट अटलांटा शहरातली. अमारी पीटर्स ही गरीब वस्तीतली कृष्णवर्णीय मुलगी. स्कॉलरशिपवर श्रीमंतांच्या शाळेत शिकते आणि तिथे रोज टोमणे खाते. आई हॉस्पिटलमध्ये राबते. मोठा भाऊ क्विंटन, घरातला स्टार, अचानक गायब झालाय. पोलिसांनी आशा सोडलीय, अमारीने नाही. एक दिवस त्याच्या कपाटात टिकटिक करणारी ब्रीफकेस सापडते. त्यात निघतं एका गुप्त खात्याचं आमंत्रण: ‘ब्यूरो ऑफ सुपरनॅचरल अफेअर्स’!

इथून पुढे धमाल सुरू. गप्पा मारणाऱ्या लिफ्ट, परग्रहवासी, ड्रॅगनच्या कुळातली रूममेट एल्सी. प्रकाशकाने पुस्तक विकताना ‘आर्टेमिस फाउल’ आणि ‘मेन इन ब्लॅक’ यांची आठवण करून दिली होती, ती काही उगाच नाही. हॅरी पॉटरवर वाढलेल्या आपल्या पिढीला तर या जगात घरच्यासारखंच वाटतं.

ट्विस्ट कुठे आहे?

ब्यूरोत आलेल्या प्रत्येक मुलाच्या अंगातला उपजत गुण जादूने वाढवला जातो. कुणाला काय मिळालं, यावर टाळ्या पडतात. अमारीचा नंबर येतो आणि टाळ्या थांबतात. ती निघते ‘मॅजिशियन’. तिची जादू जन्मजात आहे, आणि नेमकी तीच बेकायदा! का? तर सातशे वर्षांपूर्वी ‘नाइट ब्रदर्स’ नावाच्या दोन मॅजिशियननी उच्छाद मांडला होता. तेव्हापासून या जातीची जादू असणारा प्रत्येक जण गुन्हेगार. अमारीने काहीही केलेलं नसताना गुन्हा तिच्या नावावर जमा!

मला हे पुस्तक आवडलं ते याच जागी. फॅन्टसीत नायक सहसा ‘निवडलेला’ असतो. त्याच्यासाठी भविष्यवाणी असते, गुरुजी असतात. अमारीच्या बाबतीत सगळा मामला उलटा. तिच्या अंगातली सगळ्यात भारी गोष्ट तीच तिची सगळ्यात मोठी अडचण. भाऊ शोधायचा तर ब्यूरोत टिकायला हवं, टिकायचं तर तीन परीक्षा पास व्हायला हव्यात. समोर स्पर्धेला कोण? तर वॅन हेल्सिंगसारख्या घराण्यांतली, जादूचं बाळकडू पिऊन आलेली मुलं. त्यांच्या चुका ‘होतं असं कधी कधी’ म्हणून माफ. अमारीची चूक म्हणजे मात्र ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो!’

ओळखीचं वाटतंय? मास कॉमची डिग्री घेऊन मी पहिल्या इंटरव्ह्यूला गेले, तेव्हा समोरच्या साहेबांनी माझी फाइल उघडलीच नाही. शाळा मराठी मीडियमची का, वडील काय करतात, राहता कुठे, एवढं विचारलं आणि ‘कळवू’ म्हणाले. अजून कळवतायत! दहा मिनिटांत माझी गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून टाकली होती. अमारीची लढाई अर्थात माझ्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. तिच्या मागे अमेरिकेतल्या वर्णभेदाचा अख्खा इतिहास उभा आहे.

त्या इतिहासाचा एक धागा थेट मुलांच्या पुस्तकांतून जातो. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतल्या बालसाहित्यावर एक गाजलेला लेख लिहिला. आधीच्या तीन वर्षांतली ५,२०६ पुस्तकं त्यांनी विचारात घेतली. त्यातल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं, म्हणजे जेमतेम ६.७ टक्के. पुढे १९८५मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालसाहित्य केंद्राने मोजणी केली, तेव्हा सुमारे अडीच हजार पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं निघाली अवघी १८. वाचणारी मुलं होती, पण पानांत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत नव्हता. अशा परंपरेत एखादी अमारी कव्हरवर ऐटीत उभी राहते, तेव्हा ती ऐट समजून घ्यायला हवी.

ऑल्स्टनची स्वतःची स्टोरीही फिल्मी आहे. शाळेत असताना हा पठ्ठ्या वर्गमित्रांनाच पात्रं बनवून भयकथा लिहायचा, आणि त्यात सगळे जिवंत राहायचेच असं नाही! पुढे कित्येक वर्षं पुस्तक छापून यायची वाट पाहिली. शेवटी बायोमेडिकलच्या कोर्सला अ‍ॅडमिशन घेतली. तेवढ्यात सहज म्हणून ट्विटरवरच्या एका स्पर्धेत आपलं कथानक टाकलं, एजंट मिळाला आणि चक्रं फिरली. पुस्तक दुकानात यायच्या आधीच युनिव्हर्सलने सिनेमाचा करार केला.

पुस्तकात खोट नाही असं नाही. काही वळणं मुरलेल्या वाचकाला आधीच कळतात, आणि मधल्या परीक्षांचा भाग जरा घाईत उरकलाय. पण अमारी रडते, चिडते, घाबरते आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहते, हे फार खरं उतरलंय. जादू लपवायची की वापरायची, याचा निर्णय ती कशी घेते ते मी सांगणार नाही. मजा घालवणं हा गुन्हा आहे, अगदी ब्यूरोच्या नियमांतसुद्धा असावा.

वाचायचंच ठरवलंत, तर...

• क्रम पाळा: ‘अमारी अ‍ॅण्ड द नाइट ब्रदर्स’ (२०२१), मग ‘अमारी अ‍ॅण्ड द ग्रेट गेम’ (२०२२), मग ‘अमारी अ‍ॅण्ड द डिस्पिकेबल वंडर्स’ (२०२४).

• इंग्रजी सोपं आहे. डिक्शनरी लागणार नाही, वीकेण्ड मात्र लागेल.

• भाचीला किंवा पुतण्याला गिफ्ट देणार असाल, तर आधी स्वतः वाचून घ्या. एकदा दिलंत की परत मिळायचं नाही!