पिलं पोत्यात भरून सोडल्याने प्रश्न सुटत नाही

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर... कुठल्याही गावातली वस्ती घ्या. हिवाळ्यात विटांच्या ढिगाआड, गटारीच्या कडेला कुत्री व्यालेली दिसते. मुलं पिलांना खेळवतात, चतकोर भाकर घालतात. पिलं मोठी होऊन रात्री भुंकू लागली की घरची माणसं वैतागतात. मग कुणी ती पोत्यात भरून लांब सोडून येतं, कुणी विष घालतं. पुढच्या वर्षी तीच कुत्री पुन्हा विते.

हिशेब साधा आहे. कुत्री सहा महिने ते वर्षाची झाली की माजावर येते. ती साधारण ६३ दिवस गाभण राहते. बहुतेक कुत्र्या वर्षातून दोनदा माजावर येतात आणि एका वेताला चार-सहा पिलं होतात. निम्मी मेली तरी उरलेल्या माद्या पुढच्या वर्षी वितात. कुत्री मारून संख्या घटत नाही, कारण उकिरडा तिथेच असतो. जागा रिकामी झाली की शेजारची कुत्री येतात. मुंबईत महापालिकेने वर्षानुवर्षं कुत्री मारून पाहिली. अखेर १९९४ पासून नसबंदीचा मार्ग धरावा लागला.

आरोग्याच्या पानावर हा विषय आम्ही घेतला तो रेबीजमुळे. माणसाला होणारा रेबीज जवळपास ९९ टक्के वेळा कुत्र्याकडून येतो. संशयित जनावराने चावलेल्यांत १० पैकी ४ जण १५ वर्षांखालची मुलं असतात. रोगाची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ‘पिलूच तर आहे’ म्हणून ओरखडा लपवू नका. रेबीज पिलालाही होतो. जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर दुसरं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना विचारा. लसीचे सगळे डोस ठरल्या तारखेला पूर्ण करा.

नसबंदीत डॉक्टर भूल देऊन कुत्रीची गर्भपिशवी व बीजकोष काढतात. जखम भरली की रेबीजची लस देऊन, कानाला खूण करून तिला सोडतात. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर समजावं, हिची नसबंदी झाली आहे. ‘एकदा तरी विऊ द्यावं’ हा समज खोटा आहे. उलट ऑपरेशन झालेल्या कुत्रीला पुढे गर्भपिशवीत पू होण्याचा धोका राहत नाही. पिलं दूध पीत असतील तर मात्र ती सुटी होईपर्यंत थांबावं.

हे काम कुणी करायचं? केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही नगरपालिका, ग्रामपंचायत यांची जबाबदारी आहे. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मालकाची. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं, की नसबंदी व लस झालेली कुत्री त्याच भागात सोडावी; पिसाळलेली, संशयित किंवा आक्रमक सोडू नयेत. शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातल्या कुत्र्यांसाठी ७ नोव्हेंबरला वेगळा आदेश झाला: तिथून पकडलेली पुन्हा तिथे सोडायची नाहीत. विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. आणि पहिलं शील घेणाऱ्या घराला ते शोभतही नाही.

मग वस्तीने काय करावं?

पहिलं, मोजा. महिला मंडळाने किंवा तरुणांनी गल्लीगल्लीतल्या माद्या मोजाव्यात. कानाला खूण नसलेल्या किती, व्यालेल्या किती, हे वहीत लिहावं.

दुसरं, अर्ज द्या. शहरात मुख्याधिकारी, खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). मागणी नेमकी लिहा: ‘आमच्या वस्तीतल्या इतक्या माद्यांची नसबंदी आणि सर्व कुत्र्यांना रेबीजची लस.’ सह्या घ्या, पोच घ्या, महिन्याने विचारायला जा. ‘कुत्री उचलून न्या’ एवढीच मागणी केली तर ती दुसऱ्या वस्तीत सोडली जातात.

तिसरं, उकिरडा आवरा. कोंबडीच्या दुकानाची आतडी-पिसं, लग्न-जयंतीच्या जेवणाचं उरलेलं उघड्यावर टाकू नका. खायला घालायचंच तर अंगणवाडी आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर घाला.

चौथं, घरच्या कुत्रीला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. ऑपरेशनची सोय कुठे आहे ते विचारा आणि तीन महिन्यांच्या पिलाला रेबीजची लस द्या.

हे होऊ शकतं. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण आणि शाळांतून शिकवण अशी मोहीम चालली. २०२१ मध्ये सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. शंभरपैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. मात्र पिलं भराभर वाढत राहिली तर आज गाठलेले ७० उद्या ५० होतात. म्हणून लसीबरोबर नसबंदी हवीच.

या हिवाळ्यात व्यालेल्या कुत्रीची पिलं दोन महिन्यांत सुटी होतील. ती पुन्हा माजावर येण्याआधी अर्ज कचेरीत पोचला पाहिजे.