पाण्याखाली कुरकुर कुणाची?

होनोलुलूजवळच्या हनौमा उपसागरात होडी लागत नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, मास्क लावायचा, डोकं बुडवायचं. पहिलं नवल कानांना वाटतं. शेजारी कुणी चुरमुरे खात बसलंय, असा आवाज! तो असतो पोपटमासा, हवाईच्या भाषेत ‘उहू’. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळखडकावरचं शेवाळ खरवडतो आणि त्यासोबत चुनखडीही गिळतो. घशातल्या दातांच्या जात्यात तिचं पीठ होतं आणि मागून पांढरी वाळू पडते. मोठा मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू काढतो. आपण जिच्यावर टॉवेल पसरतो, तिच्यातलीही थोडीफार अशीच आलेली. (आता बसा खुशाल!)

डोळेही फसतात. पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना प्रकाश वळतो, म्हणून मासा जवळ आणि साधारण एकतृतीयांशाने मोठा दिसतो. परतल्यावर ऐकवलेल्या आकारांतून तेवढं वजा करावं.

आणि श्वासाची नळी एवढी आखूड का? लांब असती तर खोल जाता आलं असतं, असं वाटतं खरं. पण मीटरभर खोलीवरच पाणी छातीला असं दाबतं की बरगड्या फुलवताना दमछाक होते. शिवाय सोडलेला श्वास लांब नळीत अडकतो आणि तोच पुन्हा आत येतो.

प्रवाळावर पाय मात्र ठेवू नका, ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. १९६७पासून संरक्षित असलेला हा उपसागर सोमवारी-मंगळवारी पर्यटकांना बंद असतो.