सेंटर कॉलेजचा १९२१ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील डॅनव्हिल या लहानशा गावी सेंटर कॉलेज आहे. १८१९ साली स्थापन झालेल्या या संस्थेची विद्यार्थिसंख्या १९२१ मध्ये ३०० च्या आत होती. त्या वर्षी २९ ऑक्टोबर रोजी या कॉलेजच्या संघाने हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाचा हार्वर्डच्याच मैदानावर ६-० असा पराभव केला. १९१९ आणि १९२० या दोन्ही हंगामांत हार्वर्डला कोणीही हरवू शकले नव्हते. पुढे १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसने घेतलेल्या मतचाचणीत शतकाच्या पूर्वार्धातील फुटबॉलमधला सर्वांत अनपेक्षित निकाल म्हणून याच सामन्याची निवड झाली. हा निकाल चमत्कार म्हणून सांगण्याची रूढी आहे. परंतु कारणे तपासू लागले म्हणजे चमत्काराचा अंश बराच कमी होतो.

पहिले कारण खेळाच्या नियमांतच सापडते. फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळावयाचा खेळ येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र चेंडू हाती घेऊन धावणे वा पुढील सहकाऱ्याकडे फेकणे हे मुख्य अंग होय. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो; अंतिम रेषा ओलांडल्यास सहा गुण मिळतात. हे दोन्ही नियम १९१२ मध्ये स्थिर झाले. आज आक्रमणासाठी व संरक्षणासाठी वेगवेगळे संघ मैदानात उतरतात. १९२१ मध्ये तसे करणे शक्य नव्हते, कारण बाहेर गेलेल्या खेळाडूस त्याच चरणात परत येता येत नसे. तेच अकरा जण दोन्ही बाजूंचे काम करीत. साहजिकच राखीव खेळाडूंच्या विपुलतेचे महत्त्व मर्यादित राही आणि बारा-पंधरा उत्तम खेळाडू मिळविणाऱ्या लहान कॉलेजलाही मोठ्या विद्यापीठापुढे उभे राहता येई.

हे खेळाडू मिळाले कोठून? डॅनव्हिलच्या आसपास ते नव्हतेच. सेंटरचे माजी विद्यार्थी रॉबर्ट मायर्स टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे शाळेच्या संघाचे प्रशिक्षक होते. आपल्या हाताखालील मुलांना त्यांनी सेंटरकडे वळविले. अॅल्व्हिन ‘बो’ मॅकमिलिन आणि रेड वीव्हर यांना तर प्रवेशाची पात्रता पुरी करण्यासाठी आधी केंटकीतील सॉमरसेटच्या शाळेत जावे लागले. मायर्स यांनी नंतर प्रशिक्षकपद चार्ली मोरान यांच्याकडे सोपविले. हे गृहस्थ उन्हाळ्यात नॅशनल लीगच्या बेसबॉल सामन्यांत पंचाचे काम करीत. १९१९ मध्ये वॉल्टर कॅम्प यांनी निवडलेल्या अखिल अमेरिकन संघात मॅकमिलिन व वीव्हर या दोघांचीही नावे आली.

१९२० मध्ये हार्वर्डने सेंटरला ३१-१४ असे हरविले. हार्वर्डचा कर्णधार सामन्याचा चेंडू भेट देऊ लागला असता मॅकमिलिनने तो नाकारला आणि पुढच्या वर्षी येऊन जिंकून नेऊ असे सांगितले, अशी कथा आहे. १९२१ चा सामना हार्वर्डने मनावर घेतला होता काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. आदल्या शनिवारी पेन स्टेटशी त्यांची २१-२१ अशी बरोबरी झाली होती आणि पुढच्याच शनिवारी प्रिन्स्टनशी गाठ होती. पूर्वार्धात कोणालाच गुण मिळाला नाही. तिसऱ्या चरणाच्या आरंभी मॅकमिलिनने ३२ यार्डांची धाव घेतली, आणि तेवढ्यावरच सामना संपला. डॅनव्हिलच्या भिंतींवर ‘सी-६ एच-०’ हे सूत्र रंगविले गेले. रसायनशास्त्रात असे संयुग नाही, हीच त्यातली गंमत.

उरलेला हंगाम सेंटरने सहज जिंकला. नियमित हंगामातील नऊ सामन्यांत २८२ गुण मिळविताना त्यांनी प्रतिपक्षांना अवघे सहा गुण दिले. ट्रान्सिल्व्हेनियाविरुद्ध तर ९८-० असा निकाल लागला. मग २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस येथे टेक्सास ए अँड एमने, म्हणजे मोरान यांच्याच जुन्या संस्थेने, त्यांना २२-१४ असे रोखले. त्या दिवशी ए अँड एमचे राखीव खेळाडू जायबंदी होऊन इतके कमी उरले, की प्रशिक्षक डाना बायबल यांनी पत्रकारकक्षात बसलेल्या किंग गिल या विद्यार्थ्यास गणवेश चढवून उभे केले. त्याला खेळण्याची वेळ आली नाही; पण ‘बारावा गडी’ ही त्या विद्यापीठाची परंपरा त्यातूनच निघाली. अकरा जणांच्या बळावर चालणारा हा खेळ किती नाजूक पायावर उभा होता, हेही त्यातून दिसते.

यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मॅकमिलिनने पदवी न घेताच सेंटर सोडले व १९२२ मध्ये लुइझियानातील सेंटेनरी कॉलेजचे प्रशिक्षकपद स्वीकारले. त्या कॉलेजला प्रादेशिक शैक्षणिक संघटनेने मान्यता नाकारली. खेळांना अवाजवी महत्त्व दिले जाते, हा आक्षेप होता, आणि प्रशिक्षकाचे वेतन अध्यक्षांहून अधिक असणे हा त्याचा पुरावा. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने खेळाडू जमविण्याच्या व पोसण्याच्या पद्धतीवर देशव्यापी टीका केली. मॅकमिलिनची पदवी १९३७ मध्ये झाली. त्यापूर्वी १९२६ मध्ये त्याने जिनीव्हा या दुसऱ्या लहान कॉलेजकडून हार्वर्डला १६-७ असे पुन्हा हरवून घेतले होते!

१९४१ मध्ये बदली खेळाडूंवरील बंधने सैल झाली, १९५३ मध्ये ती पुन्हा लादण्यात आली आणि १९६५ पासून पूर्णपणे उठली. सेंटर कॉलेज आज राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळते; त्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही.